विद्यापीठातली एक जागा, आणि ती मी कशी देऊन बसलो

लोगन, ब्रिस्बेनच्या दक्षिणेस
जुलैचा दुसरा रविवार, चर्चनंतरचे जेवण आटोपल्यावर

परमपूज्य एसेता अक्का यांच्या चरणी,

धाकटा भाऊ तालाइमानू पेलेनातो याचा समुद्रापलीकडून वाकून नमस्कार. येथे सर्व जण ठीक आहेत. तेथेही सर्व ठीक असणार याविषयी शंका नाही, तरी विचारणे हे कर्तव्य असल्याने विचारतो. तुमच्या डाव्या गुडघ्याने सध्या कोणती भूमिका घेतली आहे? (मागील पत्रात तो ‘पूर्ण बरा’ असल्याचे तुम्ही लिहिलेत आणि पुढच्याच ओळीत शेजारच्या दारापर्यंत ट्रकमध्ये बसून गेल्याचेही लिहिलेत. ही दोन विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.) डुकरीण व्याली का? चर्चमधला उजवीकडचा पंखा कोणाच्या दिशेने फिरावा, यावरून पाद्रीणबाईंशी तुमचा जो मतभेद होता, त्यात पाद्रीणबाईंनी माघार घेतली असेल असे गृहीत धरतो; तुमच्यासमोर आजवर कोणी दुसरे काही घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आपल्या सावाईई बेटावर यंदा फणस बरे लागले असतील. येथे फणस डब्यात मिळतो आणि त्याची चव डब्यासारखी असते.

आता मुख्य विषय. मुख्य विषय असा की, विषय काही उरलेला नाही. जे व्हायचे ते होऊन गेले, निर्णय घेतला गेला, आणि मी पूर्ण समाधानी आहे. मात्र इकडून तिकडे फोन फार होतात, आणि तुमची भाची लोसा हिचा आवाज तिच्या आईवर गेल्यामुळे फोनशिवायही बऱ्याच दूर पोचतो. तेव्हा परस्पर काही वेडेवाकडे तुमच्या कानी जाण्याआधी हकिकत क्रमाने कळवावी, इतकाच या पत्राचा हेतू. तुमच्याकडून काहीही अपेक्षा नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो.

गेल्या वर्षी आमच्या चर्चच्या सभागृहात एक लग्न झाले. वराकडून बोलण्याचा मान माझ्याकडे होता. वराचे घराणे नावाड्यांचे आणि वधूचे जाळी विणणाऱ्यांचे. नावेविना जाळे किनाऱ्यावर वाळते आणि जाळ्याविना नाव रिकामी परतते, या सूत्रावर मी पाऊण तास बोललो. वृद्ध स्त्रिया रडल्या. वधूचा बाप, जो हुंड्याच्या चटया मोजताना सकाळपासून फुरंगटला होता, तोही उठून मिठी मारून गेला. नंतर मी शेवयांची थाळी घेऊन उभा असताना फिलिपो जवळ आला. (हा आमच्या चर्चमधील एका सेवकाचा मुलगा, येथेच वाढला, वकील झाला, आणि त्याला आपली भाषा नीट कळते पण तिचे भय वाटत नाही.) तो म्हणाला, “तात्या, भाषण कडक! अंगावर काटा आला. पण एक विचारू? त्यात युक्तिवाद कुठे होता?” मी म्हणालो, युक्तिवाद सर्वत्र होता. तो म्हणाला, “सर्वत्र म्हणजे कुठंच नाही, असं आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात,” आणि माझ्याच थाळीतला कोंबडीचा तुकडा उचलून निघून गेला.

अक्का, तुकड्याचे मला दुःख नाही. परंतु प्रश्न राहिला. जमिनींच्या आणि घराण्यांच्या मानाच्या किताबांच्या दाव्यांत मी अर्धे आयुष्य पंच म्हणून बसलो. माझ्या बोलण्याने बांध सरकले आहेत, आणि दोन पिढ्या न बोलणारी घराणी एका चटईवर जेवली आहेत. ते सारे युक्तिवादाने घडले, की केवळ माझा आवाज खर्जातला असल्यामुळे घडले? मी शोधू लागलो आणि मला उत्तर देता येईना. मनुष्य आयुष्यभर जे करत आला ते नक्की काय होते हे न कळता मरणे, हे मला मान्य नाही. (मरणे मान्य आहे. न कळता मान्य नाही.)

येथील विद्यापीठात युक्तिवादशास्त्र आणि नीतिविचार यांचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. नेहमीच्या वाटेने न आलेल्यांसाठी, म्हणजे ज्यांचे शिक्षण पोटामागे धावण्यात राहून गेले अशांसाठी, दरवर्षी एक जागा राखलेली असते. एकच. हे लोसाने शोधून काढले आणि मला म्हणाली, “बाबा, एक तर अर्ज करा, नाही तर जेवताना फिलिपोला उत्तरं देणं थांबवा. तो इथे नसतो.” मी अर्ज केला.

अर्जात आरंभीच पाचशे शब्दांत ‘हेतुनिवेदन’ मागितले होते. मी ते एका बैठकीत लिहिले. प्रथम या भूमीचे जे मूळ धनी, त्यांच्या पूर्वजांना वंदन. मग विद्यापीठाच्या कुलपतींना, मग विद्याशाखांच्या प्रमुखांना त्यांच्या ज्येष्ठतेनुसार. मग ग्रंथपालांना, कारण पुस्तके त्यांच्या कुंपणात असतात. मग माझ्या आधी ज्यांनी त्या बाकांवर बसून विद्या घेतली त्यांना. शेवटी, इतक्या थोरांसमोर तोंड उघडण्याबद्दल क्षमायाचना. लोसाने वाचून विचारले, “बाबा, यात तुम्ही कुठे आहात?” मी म्हणालो, “मी अजून दाराशी आहे.” ती म्हणाली, “शब्द संपले.” दारातल्या माणसाला नमस्कार न करता थेट घरात शिरून ‘मी अमुक, मला तमुक हवे’ म्हणणाऱ्यास आपण चोर म्हणतो. येथे त्यास नेमकेपणा म्हणतात. तिने माझे सारे नमस्कार काढून टाकले आणि उरलेला मी तीन ओळींचा निघालो. तेव्हा प्रथम मला गोंधळल्यासारखे झाले. गोंधळ हा माझा स्वभाव नाही, हे तुम्ही जाणताच. त्यामुळे तो ओळखायलाही मला थोडा वेळ लागला.

पुढे शिफारसपत्रे. अर्जदाराला ज्याने शिकवले आहे, तो चालेल. मला ज्यांनी शिकवले ते सर्व चर्चमागच्या आवारात विश्रांती घेत आहेत. तसे नसल्यास अर्जदाराला चांगले ओळखणारा, परंतु त्याचा नातेवाईक नसलेला मनुष्य. अक्का, मी प्रामाणिकपणे दोन दिवस विचार केला. जो मला चांगले ओळखतो तो माझा नातेवाईक आहे. जो नातेवाईक नाही तो ओळखू लागल्यावर वंशावळीची मागची पाने उलटून आम्ही त्याला नातेवाईक करून घेतो. ही अट माणसासाठी नसून दगडासाठी असावी. अखेर माझे दंतवैद्य आठवले. ते ग्रीक आहेत आणि आजवर आमच्यात नाते निघालेले नाही (तुमची भावजय तेलेसिया शोधते आहे). त्यांनी लिहून दिले की, गेली बारा वर्षे हे गृहस्थ माझे म्हणणे तोंड उघडे ठेवून अत्यंत शांतपणे ऐकून घेत आले आहेत, आणि तोंड मोकळे होताच त्यांनी प्रत्येक वेळी ते खोडून काढले आहे. मला हे पत्र बरे वाटले.

यानंतर एक रकाना होता: ‘शिक्षणात खंड पडला असल्यास कारण द्या.’ मी लिहिले, खंड पडलेला नाही. लोसा म्हणाली, “चाळीस वर्षांचा आहे, बाबा.” मी विचारले, त्या चाळीस वर्षांत मी विचार करणे थांबवले होते याचा पुरावा काय? तेलेसिया भांडी घासत होती. ती पाठ न वळवता म्हणाली, “पुरावा मी देते. माझ्या भावाकडून ती पांढरी गाडी घेतलीत ते वर्ष.” तो रकाना आम्ही रिकामा ठेवला.

असे असूनही मला लेखी परीक्षेस बोलावले, आणि नंतर मुलाखतीस. मुलाखतीला दोघेच उरलो होतो. दुसरी उमेदवार ब्रॉनविन टेट नावाची बाई, वय पंचेचाळीसच्या आसपास, बीनलीच्या बाजूला शाळेची बस चालवते. बाहेरच्या बाकावर आमची ओळख झाली. तिने शाळा पंधराव्या वर्षी सोडली, मुले वाढवली, मुले झोपली की पुस्तके वाचली, आणि एकेक विषय करत पदवी मिळवली. बसमध्ये दोन मुलांत भांडण लागले की ती बस कडेला थांबवते आणि दोघांनाही एकमेकांची बाजू मांडायला लावते. मांडता आली तरच बस पुढे निघते. (अक्का, मी पंच असताना ही युक्ती मला सुचली असती, तर कित्येक दावे दुपारच्या जेवणाआधी संपले असते.) तेलेसियाने समितीसाठी नारळाच्या दुधातले पाव दिले होते. वाट पाहता पाहता त्यातले चार आम्ही दोघांनी खाल्ले. बाई मला आवडली, हे नोंदवून ठेवतो. पुढील प्रकारात लबाडी नव्हती, हे कळण्यासाठी त्याची गरज आहे.

आत गेलो. पाच जणांची समिती अर्धवर्तुळात बसली होती. आम्हा दोघांना समोरासमोर बसवले. समितीच्या प्रमुख डॉक्टर हॅलोरन (उंच, करड्या केसांच्या, चष्मा डोक्यावर ठेवून तो शोधणाऱ्या) म्हणाल्या, “जागा एक आहे आणि तुम्ही दोघं आहात. ती कोणाला मिळावी आणि का, ते एकमेकांच्या समोर बोला. आम्ही मध्ये पडणार नाही, फक्त ऐकू.”

आता तुम्हीच सांगा, अक्का. मान एक, मागणारे दोन, समोरासमोर आसन, आणि मौन धरून बसलेली सभा. याला आपल्या गावी लहान पोरसुद्धा काय म्हणेल? सभेच्या आरंभी बोलण्याच्या मानाची काठी आणि चवरी कोणी घ्यायची, हे वक्ते आपसात ठरवतात, तेच हे. त्याचे नियम मला कोणी शिकवायला नकोत. जो आधी मागतो तो हलका ठरतो. वडीलधाऱ्याने प्रथम समोरच्याची थोरवी सांगून मान त्याच्या पुढ्यात ठेवायचा. समोरच्याने ‘छे छे, तुमच्यापुढे मी कोण’ म्हणून तो परत करायचा. याने पुन्हा द्यायचा. त्याने पुन्हा परतवायचा. तीन फेऱ्या झाल्या की मान जिथे जायचा तिथे आपोआप जातो आणि कोणाच्याही तोंडावर ‘मला हवे’ हे ओंगळ वाक्य आलेले नसते. तीनदा नाकारल्यावाचून हाती आलेली वस्तू मिळालेली नसते, उचललेली असते. विद्यापीठाला ही रीत ठाऊक आहे हे पाहून माझे मन भरून आले. इतक्या महिन्यांत प्रथमच मला सर्व काही स्वच्छ दिसत होते. (गोंधळ नाहीसा होणे हीच धोक्याची सूचना असते, हे सूत्र मी आता नव्याने मांडले आहे.)

वयाने वडील म्हणून मी उठलो. काठी घरी होती, म्हणून हातात पाण्याचा पेला घेतला. मी म्हणालो की, कोणी माणसे पोचवतो, कोणी विचार पोचवतो. या बाई माणसे पोचवता पोचवता विचार पोचवत आल्या आहेत. ज्या विद्येसाठी आम्ही येथे दार ठोठावतो, ती यांच्या बसमध्ये रोज सकाळी मागच्या बाकावर बसून असते. मी बोललो तेव्हा लोक ऐकत, कारण त्यांना ऐकावे लागे. या बोलतात तेव्हा मुले ऐकतात, आणि मुलांना कोणीही ऐकायला लावू शकत नाही. तेव्हा ही जागा यांची आहे. यांच्या चटईच्या काठावर बसण्याचीही माझी योग्यता नाही. अक्का, भाषण चांगले झाले. आणि त्यात युक्तिवाद होता. मी खाली बसलो, लुंगीची घडी सारखी केली, आणि तिच्या ‘छे छे’ची वाट पाहू लागलो.

बाईने डोळे पुसले. म्हणाली, “काका, खरंच? माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललेलं नाही हो. देवमाणूस आहात तुम्ही.” हे योग्यच होते, पहिल्या परतीची प्रस्तावना अशीच असते. मग ती समितीकडे वळून म्हणाली, “मी घेते.”

मी घेते. दोन शब्द. मी थांबलो. मला वाटले पुढे काही असेल. समितीतले एक गृहस्थ नाक शिंकरत होते. डॉक्टर हॅलोरन यांनी डोक्यावरचा चष्मा शोधून डोळ्यांवर घेतला आणि विचारले, “मिस्टर तालाइमानू, तुम्हाला आणखी काही सांगायचंय?” समोरच्याने मान परत करण्यापूर्वी पुन्हा तोंड उघडणे ही हाव. ती माझ्याकडून होणे शक्य नव्हते. मी म्हणालो, “नाही.” उरलेले पाव त्यांनी ठेवून घेतले.

बाहेर गाड्यांच्या आवारात बाईने मला गाठले आणि बळेच आपल्या गाडीत बसवून घरी सोडायला निघाली. ती इतकी आनंदात होती की दोनदा चुकीच्या रस्त्याला लागली. मध्येच म्हणाली, “एक कोडं सुटत नाही, काका. ही जागा माझीच आहे असं तुम्हाला वाटत होतं, तर एवढी उठाठेव करून अर्ज कशाला केलात?” मी तिला रीत समजावून सांगितली. तिने गाडी कडेला थांबवली. (सवय असावी.)

“म्हणजे मी ‘नको नको’ म्हणायचं होतं?”

“किमान तीनदा.”

“आणि मग?”

“मग कदाचित मी घेतली असती.”

“आणि मला काय मिळालं असतं?”

“सन्मान.”

“सन्मान घेऊन मी गेली अठरा वर्षं बस चालवतेच आहे, काका. तो लागेल तेवढा आहे माझ्याकडे.” मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, “मला दान नकोय हां. तुम्ही परत जा आणि सांगा त्यांना, की मनात तसं नव्हतं. मला तुम्हाला हरवून घ्यायचीय ती जागा. हरले तर हरले.”

मी म्हणालो, मनात तसेच होते. जे बोललो त्यातले प्रत्येक वाक्य खरे आहे. “पण तुम्हालाही हवी आहे ना?” तिने विचारले. अक्का, मी आयुष्यात अनेक सभांत निरुत्तर राहिल्याचा देखावा केला आहे, तो करावा लागतो. खरोखर निरुत्तर झालो तो त्या गाडीत. मी तिच्यापेक्षा योग्य नाही आणि तरीही मला हवे आहे, हे सांगायला आपल्या भाषेत वाक्यच नाही. निदान मला शिकवलेल्या भाषेत नाही. मी खिडकीची काच खाली केली आणि पुन्हा वर केली.

घरी जे झाले ते संक्षेपाने सांगतो. तेलेसिया म्हणाली, “देऊन आलात? बरं झालं. उद्या कुणी म्हणालं घर छान आहे, तर किल्ली देऊन या. मी आधीच बॅग भरून ठेवते.” लोसा डोके धरून बसली. “बाबा, ती मुलाखत होती. तिथे आपलं कौतुक आपणच करायचं असतं!” मी विचारले, स्वतःचे कौतुक स्वतः करणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात? ती म्हणाली, “आपल्याकडे काय म्हणायचं ते म्हणा. इथे त्याला निवड झालेला उमेदवार म्हणतात.” वातावरण असे असल्यामुळे रात्री मी तारोचे कंद न मागता जेवलो.

चार दिवसांनी डॉक्टर हॅलोरन यांचा निरोप आला. माझ्या औदार्याने समिती हेलावली आहे. परंतु तोंडी माघार विद्यापीठाच्या नियमांत बसत नाही. माघार घ्यायची असल्यास पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत लेखी कळवावे. न कळवल्यास दोघांचाही विचार केवळ गुणांवर होईल. शेवटी त्यांनी स्वतःच्या वतीने लिहिले होते की, तुमच्या लेखी परीक्षेतल्या एका उत्तरावरून आमचे दोन सहकारी अजून भांडत आहेत. आमच्या विभागात ही मोठी पावती मानली जाते. शांतपणे फेरविचार करावा.

आता माझी स्थिती पाहा. लेखी माघार घेतली तर जागा गेली. गप्प राहिलो तर भरसभेत दिलेला शब्द मी चोरपावलांनी परत घेतला, असे होते. वक्त्याने शब्द परत घेतला की तो वक्ता राहत नाही, नुसता बोलणारा म्हातारा राहतो. बाई स्वतःच ‘परत घ्या’ म्हणते, हे खरे. परंतु ज्याला वस्तू दिली त्याच्याच परवानगीने ती परत घेणे, याहून नामुष्कीचे काही मला ठाऊक नाही. फिलिपोला विचारले. तो म्हणाला, “तात्या, कायद्यानं तुम्ही काहीच दिलेलं नाही.” मी म्हणालो, हेच तर दुःख आहे. दोन मार्ग, दोन्ही बंद, आणि तिसरा मार्ग माझ्या हातात नाही. चार दिवस मी घरात इकडून तिकडे फिरतो आहे. कोणत्याही वादात कोणती बाजू बरोबर, हे मला पूर्वी दुसऱ्या वाक्याला कळत असे. आता माझी स्वतःचीच बाजू कोणती, हे कळत नाही.

तेव्हा मी माघारीचा मजकूर सिद्ध केला आहे. तो शुक्रवारी सकाळी धाडीन. मन शांत आहे. फिलिपोच्या प्रश्नाला उत्तर न मिळता जगता येते. पुष्कळ लोक जगतात. कृपया माझ्यासाठी वाईट वाटून घेऊ नये, आणि गुडघ्याला खोबरेल तेल लावावे.

वडिलांच्या कबरीवर माझ्या नावाने फुले ठेवावीत. पाद्रीणबाईंना, त्या बोलत असल्यास, नमस्कार. सोबत गुडघ्याचा पट्टा आणि डब्यातले बीफ पाठवत आहे.

तुमचा आज्ञाधारक भाऊ,
पेलेनातो

ता. क. पत्र पाकिटात घालताना एक निव्वळ सैद्धांतिक मुद्दा मनात आला. त्याचा वरील मजकुराशी संबंध नाही. भावाने दिलेला शब्द बहिणीच्या शब्दापुढे उभा राहत नाही, हा आपल्या घराण्याचा, किंबहुना आपल्या सर्व बेटांचा, पहिला नियम. थोरल्या बहिणीने आज्ञा केली तर भावाने मोडलेला शब्द मोडलेला धरला जात नाही, कारण मुळात तो देण्याचा अधिकारच त्याला नव्हता. यावरून असे निघते की, समजा एखाद्या बहिणीने भावाला ‘माझ्या परवानगीवाचून तू ती माघार घेतलीसच कशी’ असे विचारले, तर त्या भावाची सभेतली अब्रू शाबूत राहून त्याला परत जाता येईल, आणि त्या बसवाल्या बाईलाही तिला हवी तशी सरळ लढत मिळेल. मी केवळ विधानांची रचना तपासून पाहत आहे.

दुसरा ता. क. हे पत्र पाद्रीबाबांबरोबर मंगळवारच्या विमानाने येत आहे, म्हणजे तेथून बेटाकडची नाव वेळेवर सुटली तर बुधवारी संध्याकाळी तुमच्या हाती पडेल. मुदत शुक्रवारची. आपल्या बेटापेक्षा येथील घड्याळ तीन तास मागे असते, तेव्हा घाईचे कारण नाही. तरी गुरुवारी दुपारी बारा वाजता, तुमच्या वेळेने, मी न्याहारी आटोपून फोनच्या जवळच बसलेला असेन. बोलणे रागाचे असावे. लहानपणी मी तुमची होडी खडकावर घातली तेव्हाइतका राग पुरे. लोसा फोन मोठ्या आवाजावर ठेवील; आज्ञेला साक्षीदार असलेले बरे, आणि तेलेसियालाही ते ऐकून आनंद होईल.

तिसरा ता. क. आज्ञा ऐकल्यावर मी रीतीप्रमाणे ‘नको अक्का, माझी योग्यता नाही’ असे म्हणेन, आणि मग तुम्हाला तीनदा ओरडावे लागेल, अशी तुमची समजूत असेल. गुडघ्याच्या दुखण्यात इतका वेळ उभे राहू नये. मला ती जागा हवी आहे, अक्का. तुम्ही एकदाच सांगा. मी पहिल्याच शब्दाला हो म्हणेन.